खळखळ, थू आणि आकडेमोड

दातांचं डॉक्टर व्हायला आलेल्या पहिल्या वर्षाच्या पोरांना कॉलेजात सगळ्यात आधी काय सांगावं? डेन्मार्कमधल्या आर्हुसच्या दंत महाविद्यालयात १९६० च्या दशकात नऊ जणांना सांगितलं गेलं, की आजपासून दात घासायचे नाहीत. सोबतीला एक शिक्षक आणि प्रयोगशाळेतले दोन तंत्रज्ञ. एकूण बारा तोंडं, सगळ्यांच्या हिरड्या सुरुवातीला ठणठणीत. ब्रश बंद, काड्या बंद, दातांची कुठलीही साफसफाई बंद. रोज काय काय साचतंय ते बघायचं आणि लिहून ठेवायचं.

दहा ते एकवीस दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. काहींच्या दहाव्या दिवशीच, काहींनी तीन आठवडे तग धरला. मग ब्रश परत हातात दिला आणि आठवडाभरात सगळं पूर्ववत. हाराल्ड लोए या नॉर्वेच्या संशोधकानं सहकाऱ्यांसोबत १९६५ साली हे छापलं. आज वाचताना वाटतं, यात काय मोठंसं? न घासलेले दात आणि सुजलेल्या हिरड्या यांचा संबंध आजीलाही माहीत होता. पण माहीत असणं वेगळं आणि दाखवून देणं वेगळं. हिरड्या का सुजतात यावर तोवर डॉक्टरांमध्येच एकमत नव्हतं. लोएंनी सूज हवी तेव्हा आणून दाखवली आणि हवी तेव्हा घालवून दाखवली.

त्यातून एक आयतं यंत्रच हाती आलं. तीन आठवडे ब्रश बंद ठेवायचा, त्या काळात अर्ध्या लोकांना तुमच्या आवडीचं माउथवॉश द्यायचं आणि उरलेल्यांना नुसतंच रंगीत पाणी. शेवटी कोणाच्या हिरड्या शाबूत राहिल्या ते मोजायचं. जगभरची माउथवॉशं आजही या चाळणीतून जातात. प्रयोगाला तोंड देणारे विद्यार्थी बहुधा दंतवैद्यकाचेच असतात. दुसरं कोण तयार होणार?

मलेरियावर औषध शोधता शोधता

या चाळणीत सगळ्यात देखणा निकाल लागला तो १९७० साली, पुन्हा लोए यांच्याच हाताखाली. ब्रश बंद केलेल्या लोकांना दिवसातून दोनदा ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनचे १० मिलिलिटर दिले. मिनिटभर खळखळ, मग थू. बावीस दिवस दाताला ब्रश लागला नाही, तरी दातांवरचा चिकट थर, म्हणजे प्लाक, जवळजवळ नाही आणि हिरड्यांना सूजही नाही. दंतवैद्यकातल्या जुन्या लोकांना विचारा, अजूनही या निकालाचं नाव काढलं की त्यांचे डोळे चमकतात.

गंमत अशी, की हे क्लोरहेक्सिडिन दातांसाठी जन्मलंच नव्हतं. आयसीआय कंपनीच्या मँचेस्टरमधल्या प्रयोगशाळेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मलेरियावरच्या औषधांचा शोध चालू होता. त्यातून प्रोग्वानिल नावाचं मलेरियाचं औषध निघालं. त्याच कुळातल्या रेणूंची आणखी जुळवाजुळव करताना हा भाऊ सापडला, जो मलेरियाला फारसा उपयोगी नव्हता पण जिवाणूंना भलताच जड होता. १९५० च्या दशकात तो आला तो जखमा आणि त्वचा धुण्यासाठी. तोंडात जायला त्याला आणखी बरीच वर्षं लागली.

त्याची खरी कमाल मारण्यात नाही, चिकटण्यात आहे. जिवाणू मारणारी द्रव्यं पुष्कळ आहेत, पण थुंकलं की ती बेसिनमध्ये जातात आणि दहा मिनिटांत तोंडात पुन्हा आधीचंच राज्य. क्लोरहेक्सिडिनवर धन प्रभार असतो. दातांचा पृष्ठभाग, गालांची आतली बाजू आणि जिवाणूंची भिंत या सगळ्यांवर ऋण प्रभार. त्यामुळे चूळ थुंकल्यावरही तोंडात घेतलेल्या मात्रेचा साधारण तिसरा हिस्सा आत चिकटून राहतो आणि पुढचे काही तास हळूहळू सुटत राहतो. दिवसातून दोनदाच का, याचं उत्तर यात आलं.

आणि ब्रश केल्या केल्या लगेच क्लोरहेक्सिडिन का घेऊ नये, याचंही. टूथपेस्टला फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट ऋण प्रभाराचं. दोघं तोंडात भेटले की एकमेकांनाच धरून बसतात आणि दात राहतात बाजूला. म्हणून निदान अर्धा तास थांबा असं सांगतात. मेडिकलमधून बाटली आणणाऱ्या किती जणांना हे कुणी सांगतं, हा प्रश्न वेगळा.

जाता जाता आकड्यांची एक गंमत. अमेरिकेत १९८६ साली मंजुरी मिळाली ती ०.१२ टक्क्यांच्या क्लोरहेक्सिडिनला, आणि तेही डॉक्टरची चिठ्ठी असेल तरच. युरोपात आणि आपल्याकडे ०.२ टक्के. अमेरिकनांचं औषध पातळ, असं वाटतं ना? पण त्यांची चूळ १५ मिलिलिटरची आणि आपली १० ची. गुणाकार करून बघा, त्यांचे १८ मिलिग्रॅम आणि आपले २०.

चोर पकडला तो दातांवरच्या डागानं

वैद्यकीय चाचणीचा पहिला नियम असा, की कुणाला खरं औषध दिलंय आणि कुणाला खोटं, हे घेणाऱ्याला कळू नये आणि मोजणाऱ्यालाही कळू नये. बाटल्यांवर फक्त 'अ' आणि 'ब'. किल्ली तिसऱ्याच माणसाच्या कपाटात. गोळ्यांच्या बाबतीत हे सोपं आहे. खडूची गोळी करा, साखरेचा थर द्या, झालं.

माउथवॉशला चव असते, रंग असतो, वास असतो, जळजळ असते. नुसतं पाणी दिलं तर पहिल्याच चुळीला पोरगं ओळखतं, की आपल्या वाट्याला डमी आली. म्हणून डमीही तितकीच कडू, तितकीच गुलाबी, तितकीच झणझणीत बनवावी लागते. अमेरिकेत लिस्टरीन या तेलं घातलेल्या माउथवॉशच्या काही चाचण्यांत तर तुलनेच्या बाटलीतही २६.९ टक्के अल्कोहोल घातलं होतं, कारण मूळ लिस्टरीनमध्ये तेवढं असतं. वाइनच्या जवळजवळ दुप्पट. काम तेलं करतात की अल्कोहोल, हा प्रश्न त्याशिवाय सुटला नसता. उत्तर आलं, तेलं. अल्कोहोल तिथं मुख्यतः तेलं विरघळवून ठेवायला असतं.

क्लोरहेक्सिडिनच्या बाबतीत एवढं सगळं करूनही पंचाईत होते. चवीचा बंदोबस्त झाला तरी दोन-तीन आठवड्यांत दात तपकिरी दिसायला लागतात. चहा-कॉफी पिणाऱ्यांचे जास्तच, कारण दातावर चिकटलेलं क्लोरहेक्सिडिन चहातल्या रंगद्रव्यांना धरून ठेवतं. मग ज्यानं काहीही कळून घ्यायचं नाही अशी शपथ घेतलीय, तो तपासनीस तोंड उघडायला सांगतो आणि समोर तपकिरी दात! तो 'अ' की 'ब', हे आता शेंबड्या पोरालाही कळेल. उपाय म्हणून कधी हिरड्या बघायला एक तपासनीस आणि डाग बघायला दुसरा ठेवतात, कधी मोजणीआधी दातांना पॉलिश मारून घेतात. तरीही क्लोरहेक्सिडिनच्या चाचण्या 'आंधळ्या' आहेत असं कुणी छातीठोकपणे म्हणालं, की मला थोडं हसू येतं.

डाग जातात. दंतवैद्याकडे जाऊन पॉलिश करून घेतलं की संपलं. काहींची चव मात्र काही दिवस बिघडते, विशेषतः खारट कळेनासं होतं. आणि यात एक उलटी खोडही आहे. प्लाक कमी करणाऱ्या या औषधानं कीटण मात्र थोडं वाढतं.

लाल दात आणि शून्य ते पाच

प्लाक मोजतात तरी कसा? तो दाताच्याच रंगाचा. नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून आधी लाल रंग लावतात, चूळ भरायला लावतात आणि जिथं जिथं रंग टिकून राहिला तिथं प्लाक आहे असं धरतात. रंगाचं नाव एरिथ्रोसिन. हाच रंग केकवरच्या लालभडक चेरीत असतो. आपल्याकडे ती चेरी बरेचदा साखरेत मुरवून रंगवलेलं करवंद असतं, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

रंग लागला की गुण द्यायचे. सगळ्यात जास्त वापरली जाणारी मोजपट्टी १९६२ साली क्विग्ली आणि हाइन यांनी काढली आणि १९७० साली टुरेस्की आणि मंडळींनी सुधारली. शून्य म्हणजे स्वच्छ. एक म्हणजे हिरडीच्या कडेला तुटक ठिपके. दोन म्हणजे मिलिमीटरभर रुंदीची सलग रेघ. तिथून चढत चढत पाच, म्हणजे दाताचा दोन तृतीयांश भाग लाल. दाताची बाहेरची बाजू वेगळी आणि आतली वेगळी.

हिरड्यांची मोजपट्टी निराळी, शून्य ते तीन. एक म्हणजे किंचित सूज, पण रक्त नाही. दोन म्हणजे बोथट सळई कडेनं फिरवली की रक्त. तीन म्हणजे आपणहूनच रक्त येण्याकडे कल. प्रत्येक दाताच्या चार बाजू. अठ्ठावीस दात असले तर ११२ जागा, एका माणसाच्या, एका भेटीत. आणि चाचणीत माणसं शंभर-दोनशे. तपासनीस दुपारनंतर थोडा उदार होतो का, हेही पाहावं लागतं. म्हणून त्याच्याकडूनच तेच तोंड काही वेळानं पुन्हा तपासून घेतात आणि त्याचे स्वतःचेच गुण स्वतःशी जुळतात का ते बघतात. शाळेतल्या मास्तरांवर ही तपासणी कधी लागू झाली असती तर आपल्यापैकी कित्येकांचं आयुष्य बदललं असतं.

व्हिनेगर घेतलेला कापडवाला

या सगळ्या आधुनिक मोजमापाच्या पुष्कळ आधी, १६८३ साली, नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावच्या एका कापडव्यापाऱ्यानं पहिली माउथवॉश चाचणी करून टाकली होती. आंतोनी व्हान लेव्हेनहूक. स्वतः घासलेल्या भिंगातून स्वतःच्या दातांवरचा पांढरा चिकटा त्यानं पाहिला आणि त्यात वळवळणारे जीव दिसले. हा माणूस रोज सकाळी मिठानं दात घासायचा, काडीनं फटी कोरायचा, कापडानं पुसायचा. तरीही त्याच्या तोंडात एवढे जीव, की त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं, एका राज्यात माणसं असतात त्याहून जास्त जीव माझ्या तोंडात आहेत.

मग त्यानं व्हिनेगरची चूळ भरली आणि पुन्हा पाहिलं. जीव तसेच जिवंत. खरवडून काढलेल्या चिकट्यात व्हिनेगर मिसळलं, तर मात्र मेले. यावरून त्यानं अचूक ताडलं, की व्हिनेगर चिकट्याच्या आतपर्यंत पोचतच नाही, वरवरचे तेवढे मरतात.

आजचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हेच बायोफिल्म या नावानं शिकवतात. प्लाकमधले जिवाणू सुटे नसतात. ते स्वतःच तयार केलेल्या चिकट गिलाव्यात एकमेकांना धरून राहतात आणि औषध वरच्या थरात अडकतं. काचेच्या नळीत अर्ध्या मिनिटात जिवाणू मारणारं द्रव्य तोंडात तितकं का चालत नाही, याचं मोठं कारण हेच. म्हणून '९९ टक्के जंतू मारतं' असं बाटलीवर वाचलं, की मी आधी विचारतो, कुठले जंतू, आणि कुठे? नळीत की तोंडात?

त्याच न्यायानं चुळीचं पाणी हिरडीच्या खालच्या कप्प्यात जवळजवळ पोचतच नाही. हाडापर्यंत गेलेल्या दुखण्यावर चुळा भरत बसणं म्हणूनच व्यर्थ. तिथं दंतवैद्याची खुर्ची गाठावी लागते.

ओवा, निलगिरी, पुदिना आणि गुडघेदुखीचं मलम

लिस्टरीन १८७९ साली अमेरिकेतल्या सेंट लुइसमध्ये डॉ. जोसेफ लॉरेन्स यांनी तयार केलं, तेही शस्त्रक्रियेतलं जंतुनाशक म्हणून. नाव ठेवलं शस्त्रक्रियेत जंतुनाशकं आणणाऱ्या ब्रिटिश सर्जन जोसेफ लिस्टर यांच्यावरून. दंतवैद्यांकडे ते पोचलं १८९५ मध्ये आणि दुकानात सर्रास मिळू लागलं १९१४ मध्ये. जखमेपासून कोंड्यापर्यंत सगळ्यावर चालतं असंही सांगून झालं.

आत काय आहे ते वाचलं तर मराठी घरात नवल वाटायला नको. थायमॉल, म्हणजे ओव्याच्या तेलातला मुख्य घटक. निलगिरीच्या तेलातलं युकॅलिप्टॉल. पुदिन्याचं मेंथॉल. आणि मिथाइल सॅलिसिलेट, ज्याचा वास दुखऱ्या गुडघ्याला चोळायच्या मलमांना येतो. पोट दुखलं की ओवा चावायला देणाऱ्या आजीनं ही बाटली नुसती हुंगली असती, तरी अर्धा फॉर्म्युला सांगितला असता.

प्लाक आणि हिरड्यांची सूज यावर या चार तेलांचा उपयोग होतो, हे सहा-सहा महिन्यांच्या चाचण्यांनी दाखवलं आणि १९८७ साली अमेरिकन डेंटल असोसिएशननं मोहोर दिली. मोहोरेची अट कडक होती. एकमेकांपासून स्वतंत्र दोन चाचण्या, प्रत्येक किमान सहा महिन्यांची. सहा महिने का? कारण पहिल्या महिन्यात सगळेच आज्ञाधारक असतात. औषध खरं की उत्साह खरा, ते नंतर कळतं.

पण कंपनी दातांपुरती थांबली असती तर जाहिरातखात्याला काम काय उरलं असतं? १९२१ पासून ग्राहकांना थेट सांगितलं जात होतं, की लिस्टरीनच्या गुळण्यांनी सर्दी आणि घसादुखी टळते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं १९७५ साली याला चाप लावला. कंपनीनं बचावात शाळकरी मुलांवरची चाचणी पुढे केली. तिचं काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. तुलनेतल्या मुलांना आधी काहीच दिलं नव्हतं आणि पुढे दिलं ते नुसतं रंगीत पाणी, ज्याला ना लिस्टरीनचा वास ना ती चव. डमी कशी बनवू नये, याचा धडा म्हणून हे प्रकरण विद्यार्थ्यांना वाचायला द्यावं. निकाल असा, की जवळजवळ एक कोटी डॉलरच्या जाहिरातींत कंपनीनं स्वतःच छापायचं, लिस्टरीननं सर्दी किंवा घसादुखी टळत नाही आणि कमीही होत नाही. १९७७ साली वरच्या न्यायालयानं हे कायम ठेवलं. फक्त 'आम्ही पूर्वी जे सांगत होतो त्याच्या उलट' अशा अर्थाचे शब्द गाळायची मुभा दिली. तेवढीच काय ती अब्रू वाचली.

माउथवॉशवर पैसा किती आहे हे बघायचं तर जर्मनीत जा. ड्रेसडेनच्या कार्ल आउगुस्ट लिंगनरनं १८९२ साली वाकड्या मानेच्या बाटलीत ओडोल विकायला काढलं आणि त्यावर एवढा श्रीमंत झाला, की १९११ मध्ये शहरात आरोग्यावरचं भलंमोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरवलं. पन्नास लाखांहून जास्त लोक येऊन गेले. त्यातूनच उभं राहिलेलं आरोग्य संग्रहालय अजून ड्रेसडेनमध्ये आहे.

रंगीत पाण्यानंही फरक पडतो

माउथवॉशच्या चाचण्या वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. डमी मिळालेल्यांच्या हिरड्याही सुधारतात! पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर आवरतो, तसे चाचणीत नाव घातलेले लोक दात जरा नेटानं घासायला लागतात. आज महिन्याची तपासणी आहे म्हटल्यावर सकाळी किती जोरानं घासतात ते विचारू नका. शास्त्रीय भाषेत याला हॉथॉर्न परिणाम म्हणतात. म्हणून चाचणीचा निकाल 'आधी आणि नंतर' असा वाचायचा नसतो. डमीच्या गटापेक्षा किती जास्त, एवढंच बघायचं. टीव्हीवर दोन फोटो शेजारी शेजारी दाखवणाऱ्यांना हे बरोबर माहीत असतं. म्हणूनच ते तिसरा फोटो दाखवत नाहीत.

गंडूष, कवल आणि तिळाचं तेल

आयुर्वेदात चुळीचे दोन प्रकार सांगितलेत आणि फरक छान नेमका आहे. तोंड इतकं भरायचं की आतला द्रव हलवताच येऊ नये, तो गंडूष. हलवता येईल इतकाच घ्यायचा, तो कवल. त्यातला तेलाचा प्रकार आता 'ऑइल पुलिंग' होऊन परदेशवारी करून परत आलाय.

भारतात याच्या चाचण्याही झाल्या. २००९ साली छापलेल्या एका चाचणीत किशोरवयीन २० मुलं घेतली. निम्म्यांना तिळाचं तेल आणि निम्म्यांना क्लोरहेक्सिडिन, दहा दिवस. दोन्ही गटांत प्लाक आणि सूज कमी झाली. चाचणीचं वर्णन 'तिहेरी आंधळी' असं आहे. तोंडात तिळाचं तेल आहे की क्लोरहेक्सिडिन, हे कुठल्या मुलाला कळणार नाही? अर्थात त्यात संशोधकांचा दोष नाही, तेलाची डमी बनवणं अवघडच आहे. पण २० मुलं आणि दहा दिवस यावरून तेलाचा जयजयकार करणाऱ्यांनी जरा सबुरीनं घ्यावं.

त्यापेक्षा मला २०११ ची त्रिफळ्याची चाचणी आवडते. आठ ते बारा वर्षांची १,४३१ शाळकरी मुलं, तीन गट, नऊ महिने. एका गटाला ०.६ टक्के त्रिफळा, एकाला ०.१ टक्के क्लोरहेक्सिडिन, एकाला पाणी. त्रिफळा आणि क्लोरहेक्सिडिन बरोबरीनं उतरले. इथं क्लोरहेक्सिडिनची मात्रा नेहमीच्या निम्मी होती, हे लक्षात ठेवून वाचायचं. तरीसुद्धा एवढी मुलं आणि एवढे महिने म्हणजे खायचं काम नाही.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असं मात्र नाही. उत्तर अमेरिकेतल्या ब्लडरूट या रानफुलाच्या मुळापासून काढलेलं सँग्विनारिन घालून व्हायाडेंट नावाची पेस्ट आणि माउथवॉश तिथं विकली जात होती. ती वापरणाऱ्यांच्या तोंडात पांढरे चट्टे येत असल्याचं १९९० च्या दशकाअखेरीस दंतवैद्यांच्या लक्षात आलं. कर्करोगाच्या आधी येऊ शकतात त्या जातीचे चट्टे. पुढे त्या उत्पादनातून सँग्विनारिन काढून टाकण्यात आलं.

बाटलीवरचा आकडा आणि आतला आकडा

रोजच्या माउथवॉशमध्ये बहुतेक वेळा असतं ते सेटिलपायरिडिनियम क्लोराइड. नाव लांबलचक म्हणून सगळे सीपीसी म्हणतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं नेमलेल्या तज्ज्ञांनी २००३ मध्ये याला, चार तेलांच्या मिश्रणाला आणि स्टॅनस फ्लोराइडला प्लाक आणि हिरड्यांच्या सुजेसाठी पसंती दिली. पण सीपीसीला एक अट घातली. बाटलीत ०.०४५ ते ०.१ टक्के असून भागणार नाही, त्यातलं किमान ७२ ते ७७ टक्के मोकळं, काम करायला तयार असलं पाहिजे. कारण हेही धन प्रभाराचं, आणि बाटलीतल्याच इतर घटकांना चिकटून वाया जाऊ शकतं. म्हणजे दोन बाटल्यांवर एकच आकडा आणि आत काम वेगवेगळं, असं होऊ शकतं. लेबलवर हे दिसत नाही.

सगळेच जिवाणू मारावेत का, हाही प्रश्न आहे. जिभेवरचे काही जिवाणू पालेभाज्या आणि बिटातल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, आणि शरीर ते रक्तवाहिन्या सैल ठेवायला वापरतं. लंडनमध्ये १९ निरोगी माणसांना आठवडाभर क्लोरहेक्सिडिनच्या चुळा दिल्या, तर रक्तदाब २ ते ३.५ अंकांनी चढला. हा प्रयोग २०१३ चा. छोटा आहे, आठवड्याचाच आहे, घाबरायचं कारण नाही. पण वर्षानुवर्षं रोज क्लोरहेक्सिडिन घेणाऱ्यांनी डॉक्टरला विचारावं.

प्लाक घटला, मग हिरड्यांचं काय?

आता सगळ्या चाचण्या एकत्र केल्यावरचा हिशेब. २०१७ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं क्लोरहेक्सिडिनच्या ५१ चाचण्या आणि ५,३४५ माणसं एकत्र मोजली. हे ब्रश चालू ठेवून, वर चूळ भरणारे लोक. प्लाक खूप कमी झाला, पुरावा भक्कम. हिरड्यांची सूज? सौम्य सूज असलेल्यांत शून्य ते तीनच्या मोजपट्टीवर ०.२१ नं कमी. आकडेशास्त्राच्या दृष्टीनं फरक पक्का, पण त्या माणसाला आरशात काही दिसेल असा नाही, असं समीक्षकांनीच लिहून ठेवलं. आणि चार ते सहा आठवड्यांतच डाग भरपूर.

म्हणजे १९७० चा तो देखणा निकाल खोटा होता का? नाही. तिथं ब्रश बंद होता. ब्रश बंद असेल तर क्लोरहेक्सिडिन डोंगराएवढं काम करतं. शस्त्रक्रियेनंतर टाके आहेत, जबडा तारांनी बांधलाय, हाताला लकवा आहे, तिथं म्हणूनच ते देतात. ब्रश नीट चालू असेल तर त्याला करायला फारसं काही उरतच नाही. एकच औषध, प्रश्न दोन, म्हणून उत्तरं दोन.

प्लाक म्हणजे सूज आणि सूज म्हणजे दात पडणं, इतकी सरळ रेघही नाही. लोए आणि सहकाऱ्यांनी १९७० पासून पंधरा वर्षं श्रीलंकेतल्या चहामळ्यांतले ४८० मजूर पाहिले. दात घासायची पद्धत नव्हती, दंतवैद्यही नव्हता, सगळ्यांच्या दातांवर प्लाक आणि कीटण भरपूर. त्यातल्या ८ टक्क्यांचा आजार झपाट्यानं वाढला, ८१ टक्क्यांचा बेताबेतानं, आणि ११ टक्के लोकांच्या हिरड्या सुजलेल्याच राहिल्या, पुढे काही झालंच नाही. पंधरा वर्षं नुसतं बघत बसणं आजच्या नीतिसमितीला चाललं नसतं. चालूही नये. पण त्या ११ टक्क्यांचं कोडं तिथूनच सुरू झालं.

फ्लॉस विरुद्ध बाटली

शेवटची गंमत न्यायालयातली. लिस्टरीन तेव्हा फायझरकडे होतं आणि जाहिरात चालू होती, की लिस्टरीन फ्लॉसइतकंच, म्हणजे दातांच्या फटींत फिरवायच्या दोऱ्याइतकंच, परिणामकारक आहे. मागे सहा-सहा महिन्यांच्या दोन चाचण्या होत्या. एका गटानं ब्रश करून दोऱ्यानं फटी साफ करायच्या, दुसऱ्यानं ब्रश करून लिस्टरीन घ्यायचं. लिस्टरीनवाले मागे राहिले नाहीत.

दोरा विकणाऱ्या मॅकनील-पीपीसीनं दावा ठोकला. जानेवारी २००५ मध्ये न्यूयॉर्कचे न्यायाधीश डेनी चिन यांनी चाचण्यांचे आकडेच वाचले. दोरेवाल्यांना पहिल्या दिवशी दोरा कसा फिरवायचा ते शिकवलं होतं. पण दोरा फटींत फिरतो आणि नेमक्या फटींतच त्यांचा प्लाक फारसा घटलेला नव्हता. म्हणजे सहा महिने ते दोरा धड फिरवतच नव्हते. तेव्हा चाचण्यांनी सिद्ध केलं ते इतकंच, की लिस्टरीन हे चुकीच्या पद्धतीनं वापरलेल्या फ्लॉसच्या तोडीचं आहे. जाहिरात बंद.

मॅकनील-पीपीसी ही जॉन्सन अँड जॉन्सनची कंपनी. पुढच्या वर्षी, २००६ मध्ये, जॉन्सन अँड जॉन्सननं फायझरचा ग्राहक-उत्पादनांचा सगळा धंदा १६.६ अब्ज डॉलरना विकत घेतला, लिस्टरीनसकट.